मर्यादित पैशांत संग्रहासाठी दुसरी मशीनगन कशी निवडावी

अमेरिकेत कायदेशीर नोंदणी असलेली पहिली मशीनगन (कायद्याच्या भाषेत, खटका एकदा दाबला की सलग गोळ्या झाडणारी कोणतीही बंदूक) बहुतेक संग्राहक खिशाला परवडेल ती घेतात, आणि त्यात काही गैर नाही. दुसरीच्या वेळी मात्र हा एकच निकष पुरत नाही. आपल्याला काय आवडते, महिन्याला किती काडतुसे खर्च होतात आणि पहिलीत कशाची उणीव भासते, हे एव्हाना आपल्याला ठाऊक झालेले असते. त्यामुळे माझा सल्ला असा की, दुसरी मशीनगन पहिलीची उणीव भरून काढणारी असावी, तिचा चालू खर्च शक्यतो पहिलीशी सामाईक असावा, आणि बंदुकीची किंमत ठरवण्यापूर्वी तिच्यासोबत येणारा इतर सगळा खर्च कागदावर मांडलेला असावा. पुढचे विवेचन एकूण बारा हजार डॉलरच्या आसपास खर्च करू शकणाऱ्या संग्राहकाला समोर ठेवून केले आहे. अमेरिकेतील या बाजारात ही रक्कम माफकच ठरते.

ती माफक का ठरते, हे कायद्याच्या इतिहासावरून कळते. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टने मशीनगनची नोंदणी आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर सुरू केला. १९६८च्या कायद्याने खासगी व्यक्तींसाठी परदेशी मशीनगनची आयात बंद केली आणि त्याच वर्षी नोंदणी नसलेली शस्त्रे नोंदवून घेण्यासाठी एक महिन्याची माफी-मुदत दिली. त्यानंतर १९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने त्या दिवसानंतर नोंदल्या जाणाऱ्या मशीनगनचे खासगी हस्तांतर कायमचे थांबवले. याचा अर्थ, आज सामान्य नागरिकाला विकत घेता येणाऱ्या मशीनगनची एकूण संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गोठलेली आहे. त्यात भर पडत नाही, आणि मोडतोड, जप्ती व हरवणे यांमुळे ती कमीच होत जाते. म्हणूनच मूळ अगदी स्वस्त असलेले पत्र्याचे शस्त्र आज जुन्या मोटारीच्या भावाने विकले जाते.

वाचकांपैकी काही जण भारतात असतील, तर काही अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक असतील, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार स्वयंचलित शस्त्र हे निषिद्ध शस्त्र आहे आणि खासगी संग्रहासाठी ते घेण्याचा मार्ग नाही. अमेरिकेत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना हा मार्ग खुला आहे. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना मात्र काही अपवाद वगळता बंदूक बाळगताच येत नाही. राज्याचा कायदाही पाहावा लागतो. न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये सामान्य संग्राहकाला मशीनगन ठेवता येत नाही, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत परवाना मिळणे जवळजवळ अशक्य आहे, तर मिनेसोटात केवळ जुन्या, संग्राह्य म्हणून मान्यता असलेल्या शस्त्रांनाच मुभा आहे. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, पेनसिल्व्हेनिया अशा अनेक राज्यांत केंद्रीय नियम पाळले की पुरते. पहिली बंदूक घेतल्यानंतर तुम्ही राज्य बदलले असेल, तर ही चौकशी पुन्हा नव्याने करावी.

आता हिशेब. बारा हजार डॉलर हाताशी असले म्हणजे बारा हजारांची बंदूक घेता येते, असे नव्हे. दोनशे डॉलर हस्तांतर कर ठरलेला आहे. (२०२६च्या सुरुवातीपासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा हा कर शून्य झाला, मशीनगनवरचा मात्र कायम आहे.) विक्रेत्याकडून घेताना बहुतेक राज्यांत विक्रीकर लागतो; तो आठ टक्के धरला तर साडेनऊ हजारांच्या बंदुकीवर ७६० डॉलर होतात, आणि नवख्यांचा अंदाज नेमका इथेच चुकतो. स्थानिक दुकानदाराचे हस्तांतर शुल्क शंभर-दीडशे, सुटे भाग, स्प्रिंगा आणि मॅगझिन (काडतुसांचा डबा) यांसाठी पाचशे, आणि पहिल्या वर्षाच्या काडतुसांसाठी नऊशे बाजूला काढले, तर प्रत्यक्ष बंदुकीसाठी साडेनऊ हजारांच्या आसपासच उरतात. लिलावातून घेणार असाल तर आणखी सावध राहावे, कारण बोली थांबलेल्या किमतीवर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेते आणि तो पुष्कळदा किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास जातो.

काडतुसांचा खर्च वेगळा समजून घ्यावा, कारण संग्रहातली बंदूक वापरात राहते की कपाटात पडून राहते हे बव्हंशी त्यावरच ठरते. ९ मिमीचे साधे काडतूस पंचवीस सेंटला आणि .४५ इंचाचे चाळीस सेंटला पडते असे धरू. महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला ३,६०० काडतुसे वापरली तर पहिल्याचे नऊशे आणि दुसऱ्याचे १,४४० डॉलर होतात; पाच वर्षांत हा फरक २,७०० डॉलरवर जातो. तेवढ्या रकमेत बंदुकीच्या किमतीचा चांगला चतुर्थांश निघतो. पट्ट्याने भरल्या जाणाऱ्या ब्राउनिंग १९१९सारख्या बंदुकीचे आकर्षण मोठे आहे, हे मला मान्य आहे, पण तिचे .३०-०६ मापाचे एकेक काडतूस डॉलरच्या घरात जाते आणि ती मिनिटाला चारशे ते सहाशे गोळ्या झाडते. मर्यादित पैशांत ती घेणाऱ्याला पुढे गोळीबारापेक्षा तिला तेलपाणी करण्यातच समाधान मानावे लागते.

बहुतेकांची पहिली बंदूक एम-११/९ असते, म्हणून तेच उदाहरण धरतो. अटलांटाच्या एसडब्ल्यूडी कंपनीची ही छोटी, पत्र्याची, ९ मिमीची सबमशीनगन १९८६च्या मुदतीपूर्वी मोठ्या संख्येने नोंदली गेली, म्हणूनच ती बाजारात तुलनेने स्वस्त आहे. तिची मोठी अडचण तिचा वेग ही आहे. मिनिटाला बाराशे किंवा त्याहूनही अधिक गोळ्या, म्हणजे तीस गोळ्यांचे मॅगझिन दीड सेकंदात रिकामे होते. दस्ता तारेचा, पकड आखूड आणि नेम धरायचे दर्शक नावापुरते. अशा बंदुकीच्या मालकाने दुसरी शोधताना आधी हे विचारावे की, खरोखर दुसरी नोंदणीकृत बंदूक हवी आहे की पहिलीच नीट वागायला हवी आहे? लाज मॅन्युफॅक्चरिंगसारख्या कंपन्या या बंदुकीसाठी बदली वरचे भाग बनवतात. त्यांतील जड बोल्टमुळे (बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकून काडतूस नळीत ढकलणारा ठोकळा) वेग सहाशे-सातशेपर्यंत उतरतो आणि खरा दस्ता व दर्शक बसवता येतो. हा भाग नोंदणीच्या कक्षेत येत नाही आणि हजार-बाराशे डॉलरच्या आसपास मिळतो. केवळ चांगली नेमबाजी हवी असेल, तर हा खर्च आधी करावा आणि दुसऱ्या बंदुकीचे पैसे साठू द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

पण संग्रह म्हणून काही हवे असेल, इतिहासातून आलेली वस्तू हातात धरायची असेल, तर वरच्या भागाने ते साधत नाही. साडेनऊ हजारांच्या टप्प्यात मग मुख्यत्वे दोन पर्याय उरतात, स्टेन आणि रायझिंग. एम-११चीच मोठी भावंड असलेली एम-१० अधूनमधून या किमतीत येते, परंतु ज्याच्याकडे एम-११ आहे त्याला तिच्यातून नवे फारसे काही मिळत नाही. स्मिथ अँड वेसन ७६, एम-२ कार्बाइन आणि उझी या तिन्ही अधिक समाधान देणाऱ्या बंदुका आहेत. त्यांचे भाव मात्र साधारणपणे या टप्प्याच्या वरच असतात, आणि थॉम्पसन किंवा एम-१६ तर त्याहून कितीतरी वर.

स्टेन ही १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धातील डंकर्कच्या माघारीनंतरच्या निकडीत इंग्लंडने घाईने तयार केलेली बंदूक. मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना हे नाव पोलिसांच्या बातम्यांमधून चांगले परिचित आहे, जरी त्यांच्या खांद्यावर प्रत्यक्षात पुष्कळदा स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती, कानपूरला बनणारी १-ए कार्बाइन असे. युद्धकाळात चाळीस लाखांच्या आसपास स्टेन बनल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग दीर्घकाळ मुबलक होते. अमेरिकेत परवडणाऱ्या दरात मिळणारी स्टेन मात्र बहुधा मूळ ब्रिटिश नसते. १९८६पूर्वी अमेरिकेतील परवानाधारक कारागिरांनी बंदुकीच्या मुख्य सांगाड्याची नवी नळकांडी नोंदवून त्यांवर जुने ब्रिटिश भाग बसवले, त्यांना बाजारात ट्यूब गन म्हणतात. मूळ युद्धकालीन आणि १९६८च्या माफीत नोंदलेली स्टेन याहून बरीच महाग असते. ट्यूब गनमध्ये इतिहास निम्मा आहे हे मान्य करावे लागते. पण एम-११च्या मालकासाठी ती दोन दृष्टींनी अगदी योग्य आहे. काडतूस तेच ९ मिमी, आणि वेग निम्म्याहून कमी, मिनिटाला पाचशे-साडेपाचशे. खटक्यावरचे बोट थोडे तयार असेल तर एकेक गोळीसुद्धा सहज सोडता येते.

ट्यूब गन तपासताना सगळे लक्ष नळकांड्यावर द्यावे, कारण बाकीचे सगळे बदलता येते आणि नोंदणी केवळ त्या नळकांड्याची असते. ते कायमचे नष्ट झाले तर त्याचा क्रमांक दुसऱ्या नव्या नळकांड्यावर नेता येत नाही. मॅगझिन आणि नळी काढून, हलका टॉर्च घेऊन आतून पाहावे. कॉकिंग खाचेच्या (बोल्ट मागे ओढण्याची मूठ जिच्यातून सरकते ती खाच) कडा सरळ आहेत का, काडतूस बाहेर फेकले जाण्याच्या खिडकीच्या कोपऱ्यांना केसाएवढी तरी भेग आहे का, पुढच्या वेल्डिंगचा मणी सलग आहे की खडबडीत आणि छिद्रे पडलेला आहे, हे बोटाच्या टोकानेही कळते. मग स्प्रिंग काढून बोल्ट एकटाच हाताने मागेपुढे सरकवावा. तो स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. मध्येच घासला तर वेल्डिंगच्या उष्णतेने नळकांडे वाकलेले असते. शेवटी मॅगझिन बसवायची चौकट मधल्या अक्षाशी काटकोनात आहे का हे पाहावे, कारण ती जराशीही तिरकी असली तर काडतूस कधीच नीट आत जात नाही आणि ही दुरुस्ती महागात पडते.

स्टेनच्या मॅगझिनमध्ये काडतुसे दोन रांगांत बसतात आणि वर येताना एका रांगेत येतात. त्यामुळे मॅगझिनच्या तोंडाच्या ओठांची थोडीशी वाकडी दुमडही अडथळा निर्माण करते. मॅगझिन बत्तीस गोळ्यांचे असले तरी अनुभवी लोक तीस किंवा अठ्ठावीसच भरतात, आणि भरण्याचे साधन सोबत नसेल तर अंगठा सोलवटून निघतो. बंदूक धरताना मॅगझिनला धरू नये, नळीच्या वेष्टणाला धरावे. ही खुल्या बोल्टची बंदूक आहे, म्हणजे झाडण्याआधी बोल्ट मागे थांबलेला असतो. मॅगझिन लावलेले असताना ती आपटली तर बोल्ट मागे जाऊन पुढे येताना गोळी सुटू शकते. युद्धात यातून अपघात झाले आहेत. म्हणून गोळीबाराच्या ओळीवर उभे असल्याशिवाय मॅगझिन लावूच नये.

रायझिंग एम-५० ही वेगळ्या जातीची बंदूक आहे, आणि मला ती अधिक आवडते. युजीन रायझिंग यांनी रचलेली ही .४५ची बंदूक मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसनने बनवली आणि १९४२ साली पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटावर उतरलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांच्या हातात ती होती. तिथल्या वाळूत आणि दमट हवेत तिची बदनामी झाली. तिचे भाग एकेका बंदुकीला हाताने बसवलेले होते आणि एकाचा दुसऱ्याला लागत नसे. सामूहिक सफाईत ते एकमेकांत मिसळले की बंदूक अडायची. हीच बंदूक नंतर पोलीस ठाण्यांत आणि तुरुंगांत, स्वच्छ कपाटात ठेवली गेली तेव्हा अनेक वर्षे बिनतक्रार चालली. तुमच्या घरची परिस्थिती ग्वाडलकॅनालपेक्षा तुरुंगाच्या कपाटाशी अधिक जुळते, म्हणून युद्धातल्या अपकीर्तीने दचकून जाण्याचे कारण नाही. बंद बोल्टमधून, म्हणजे बोल्ट आधीच पुढे असताना, ती गोळी झाडते, तिला खरा लाकडी दस्ता आहे, आणि एकेका गोळीला ती रायफलीसारखी अचूक वागते. कॉकिंगसाठी पुढच्या लाकडाखालच्या खाचेत बोट घालून आतला दांडा मागे ओढावा लागतो, ही तिची खास ओळख.

तिच्यातली पाहण्याजोगी जागा रिसीव्हरच्या (नोंदणी असलेल्या मुख्य सांगाड्याच्या) आत, वरच्या बाजूला आहे. बोल्टची मागची बाजू वर उचलली जाऊन तिथल्या खाचेत टेकते आणि त्यामुळे गोळी सुटताना बोल्ट क्षणभर थोपवला जातो. त्या खाचेची कडा तीक्ष्ण असावी. ती झिजून गोलसर झाली असेल तर ती बंदूक सोडून द्यावी, कारण झीज नोंदणीकृत भागातच आहे आणि बोल्ट पूर्ण बसण्याआधी गोळी सुटण्याचा धोका त्यातून संभवतो. बोल्ट त्याच बंदुकीला बसवलेला मूळचा आहे का, हे विक्रेत्याला स्पष्टपणे विचारावे. मॅगझिनच्या बाबतीत, वीस गोळ्यांचे दोन रांगांचे मॅगझिन जुन्या काळापासून अडखळणारे मानले जाते आणि बारा गोळ्यांचे एका रांगेचे अधिक भरवशाचे. दोन चांगली बारा-गोळ्यांची मॅगझिने सोबत मिळत असतील, तर त्यासाठी घासाघीस न करता थोडे अधिक पैसे द्यावेत.

रायझिंगचा आणखी एक फायदा कागदपत्रांचा आहे. जुनी, संग्राह्य म्हणून मान्यता असलेली बंदूक असेल आणि तुमच्याकडे संग्राहकाचा परवाना असेल, तर ती दुसऱ्या राज्यातील व्यक्तीकडून थेट तुमच्या नावावर येऊ शकते. हा परवाना तीन वर्षांसाठी तीस डॉलरला मिळतो. ट्यूब गन दुसऱ्या राज्यातील खासगी मालकाकडून घेतली तर ती आधी तुमच्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराच्या नावावर जाते आणि मग तुमच्या. अशा वेळी २०० डॉलरचा कर दोनदा भरावा लागतो आणि वाटही दोनदा पाहावी लागते. विक्रेता स्वतः परवानाधारक दुकानदार असेल तर दुकानदार-ते-दुकानदार हस्तांतर करमुक्त असते. आणि मालक तुमच्याच राज्यातला असेल तर एकाच अर्जाने काम होते. म्हणून मी प्रथम आपल्याच राज्यातील मालकांकडे चौकशी करायला सांगतो.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या नावावरचा मंजूर नोंदणी अर्ज स्वतः वाचावा. बनवणाऱ्याचे नाव, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी आणि अनुक्रमांक हे सगळे बंदुकीवरच्या खुणांशी अक्षरशः जुळले पाहिजे. एका अंकाची चूकही मंजुरी अडवते आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहार लांबत जातो. अर्जावर कुठलाही निर्बंधाचा शेरा आहे का हे पाहावे. १९६८नंतर आयात झालेल्या, तसेच १९८६नंतर नोंदलेल्या अनेक मशीनगन केवळ व्यापाऱ्यांच्या नमुन्यासाठी किंवा सरकारी खात्यांसाठी असतात, आणि त्या खासगी व्यक्तीच्या नावावर कधीच होऊ शकत नाहीत. बाजारभावाच्या निम्म्यात दिसणारी मशीनगन बहुतेक वेळा यांपैकीच असते. नोंदणीच नसलेली बंदूक किंवा साध्या पिस्तुलाला स्वयंचलित करणारे छोटे सुटे यंत्र कोणी देऊ करत असेल, तर तिथून तत्काळ निघून यावे. ते नुसते जवळ बाळगण्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

करार लेखी असावा. मंजुरी नाकारली गेली तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, मंजुरीच्या काळात बंदूक कोणाच्या ताब्यात राहील, तिचा विमा कोणाचा आणि सोबत कोणकोणते सुटे भाग येणार, हे त्यात लिहिलेले असावे. तपासणीसाठी बंदूक समक्ष पाहणे शक्य नसेल, तर वर सांगितलेल्या नेमक्या जागांची छायाचित्रे मागावीत. टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला द्यायची सूचना पहिल्या वेळेप्रमाणेच द्यावी लागते. ट्रस्टच्या नावावर घेत असाल तर २०१६पासून हे सगळे ट्रस्टमधील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला लागू आहे, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ट्रस्टमधील नावे एकदा तपासून घ्यावीत.

बंदूक घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या स्प्रिंगा नव्या घालाव्यात. त्यांची किंमत काही डॉलर असते, आणि थकलेली स्प्रिंग बोल्टला रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आपटवते. घराच्या विम्यात बंदुकांची मर्यादा बहुधा फार कमी असते, म्हणून अनुक्रमांकासह स्वतंत्र पुरवणी विमा घ्यावा. राज्याबाहेर नेमबाजीला नेणार असाल तर त्याआधी केंद्राच्या एटीएफ (मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके) खात्याची लेखी परवानगी घ्यावी. सायलेन्सर अशा परवानगीशिवाय नेता येतो, मशीनगन नेता येत नाही. मंजूर अर्जाची एक प्रत बंदुकीच्या पेटीत, एक तिजोरीत आणि एक घरातल्या अशा माणसाकडे ठेवावी, ज्याला तुमच्या पश्चात वारसाचा करमुक्त अर्ज कोणता आणि तो कोणी भरायचा हे आधीच समजावून सांगितलेले आहे.